टोल माफ, तिकीट दुप्पट

मुंबईत 2025 या एकाच वर्षात दोन निर्णय झाले. 9 मेपासून बेस्टच्या साध्या बसचे किमान भाडे 5 रुपयांवरून 10 रुपये झाले, एसी बसचे 6 वरून 12. आणि 22 ऑगस्टपासून अटल सेतूवर इलेक्ट्रिक मोटारींना टोल माफ झाला. तिथे कारचा एकेरी टोल आहे 250 रुपये. इलेक्ट्रिक बसनाही ही माफी आहे, हे मान्य. पण त्या पुलावर दुचाकी आणि रिक्षांना प्रवेशच नाही. मग सवलत मुख्यतः कोणाच्या खिशात गेली, हे सांगायला अर्थतज्ज्ञ लागत नाही.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. ऑफिसच्या पार्किंगमध्ये हिरव्या नंबर प्लेटच्या गाड्या दर महिन्याला वाढताना पाहतो. त्या घेणाऱ्यांशी माझे भांडण नाही; पेट्रोलच्या कारपेक्षा इलेक्ट्रिक कार बरीच. पण हिशेब मांडायचा तर पूर्ण मांडावा. महाराष्ट्राची बहुतांश वीज आजही कोळशावर तयार होते. म्हणजे धुराचा काही वाटा फक्त पत्ता बदलतो: वांद्र्याऐवजी चंद्रपूर. आणि सत्तर किलोच्या एका माणसासाठी दीड टन लोखंड हलवणे ही फिजूलखर्चीच, मग ते पेट्रोलवर हलो की बॅटरीवर. ती गाडी रस्त्यावर जागाही तेवढीच अडवते, आणि तिच्या मागे पन्नास माणसांची बस अडकून पडते.

आता दुसरी बाजू पाहा. आमच्याकडे घरकामाला येणाऱ्या मावशी गोवंडीहून बसने येतात. इंधन वाचवण्याचा उपदेश त्यांना कोणी करू नये. त्या आयुष्यभर वाचवतच आल्या आहेत. पण बस अर्धा अर्धा तास येत नाही, आली तर पाय ठेवायला जागा नसते. शेवटी त्यांच्या मुलाने हप्त्यावर मोटरसायकल घेतली. देश आपल्या गरजेचे 85 टक्क्यांहून अधिक कच्चे तेल आयात करतो, त्यात आणखी एक गिऱ्हाईक वाढले. हौस म्हणून नव्हे, नाइलाज म्हणून.

लोक बसकडे वळत नाहीत, असे म्हणणाऱ्यांनी जुलै 2019 आठवावा. बेस्टने किमान भाडे 8 वरून 5 रुपये केले आणि प्रवासी झपाट्याने वाढले. त्यांच्यासाठी गाड्या मात्र वाढल्या नाहीत. एकेकाळी चार हजारांवर असलेला ताफा 2025 मध्ये तीन हजारांच्याही खाली आला. आधी बस कमी करायच्या, मग प्रवासी घटले म्हणून तोटा दाखवायचा, मग तोटा झाला म्हणून भाडे वाढवायचे. कोडमध्ये अशा चक्राला आम्ही बग म्हणतो आणि तो दुरुस्त करतो. इथे त्यालाच धोरण म्हणतात.

म्हणून आपली मागणी सरळ हवी. बेस्टचा खर्च हा तोटा नव्हे, पाणी आणि दिवाबत्तीसारखी नागरी सेवा मानून पालिकेने तो उचलावा. ताफा वाढवावा. गर्दीच्या रस्त्यांवर बससाठी वेगळी मार्गिका राखावी, मग मोटारवाले कितीही ओरडोत. नगरसेवक मोहल्ल्यात आले की गटार आणि नळाबरोबर हेही विचारा: आमच्या स्टॉपवर दर किती मिनिटांनी बस येईल?

आणि आपल्यापैकी ज्यांच्याकडे गाडी आहे, त्यांनी कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत तरी पायी जावे. मावशींना शिकवण्याआधी एवढे आपले देणे लागते.