फोडणीची बाजू

भाजी शिजली की तिच्यातली अँटिऑक्सिडंट्स संपली आणि वर तेल घातलं तर पथ्यच मोडलं, असं सांगणारा एक पक्ष हल्ली फार जोरात आहे. त्याच्या धाकाने कित्येक घरांत गाजराच्या कोशिंबिरीवरची फोडणी बंद झाली आणि पालकाच्या पातळ भाजीच्या जागी ग्लासभर हिरवा रस आला.

या पक्षाचं खरं आहे तेवढं आधी मान्य करू. क जीवनसत्त्व उष्णतेने घटतं आणि पाण्यात उतरतं. भाजी उकडून पाणी मोरीत ओतणाऱ्याने ते आपल्या पोटात गेलं असं समजू नये. ब्रोकोली फार शिजवली तर तिच्यातलं मायरोसिनेज हे विकर निकामी होतं आणि सल्फोराफेन हे उपयुक्त द्रव्य तयार व्हायचं अडतं. पण क जीवनसत्त्वाचा न्याय सरसकट सगळ्यांना लावायचा कशाच्या जोरावर?

कॉर्नेल विद्यापीठात २००२ साली झालेला प्रयोग पाहा. टोमॅटो ८८ अंश सेल्सिअसला अर्धा तास तापवले, तेव्हा क जीवनसत्त्व २९ टक्क्यांनी घटलं. कच्चेवादी इथेच थांबतात. त्याच टोमॅटोंत मोजता येणारं लायकोपीन हे लाल रंगद्रव्य मात्र दीडपटीहून अधिक वाढलं आणि एकूण अँटिऑक्सिडंट क्षमता ६२ टक्क्यांनी. उष्णतेने लायकोपीन नव्याने निर्माण होत नाही. ते पेशींच्या भिंतींआड अडकलेलं असतं, भिंती मऊ पडल्या की सुटतं.

प्रयोगनळीतली क्षमता म्हणजे शरीराचा लाभ नव्हे, असा आक्षेप कोणी घेईल, आणि तो रास्त आहे. अमेरिकी कृषी खात्याने अशाच ‘ओरॅक’ आकड्यांचा तक्ता याच कारणासाठी २०१२ मध्ये मागे घेतला. (सुपरफूडच्या पावडरी विकणाऱ्यांचं भांडवल हेच आकडे होते, ते सोडा.) तेव्हा नळी बाजूला ठेवून रक्तच तपासू. जर्मनीत श्टाल आणि झीस यांनी १९९२ मध्ये दाखवलं, की साध्या टोमॅटोरसापेक्षा थोडं मक्याचं तेल घालून तासभर उकळलेल्या रसातलं लायकोपीन रक्तात जास्त उतरतं. आयोवा स्टेट विद्यापीठातल्या २००४ च्या प्रयोगात लोकांना पालक, टोमॅटो, गाजराचं सॅलड दिलं होतं. बिनतेलाच्या ड्रेसिंगनंतर कॅरोटिनॉइड्स (लायकोपीन, बीटा-कॅरोटीन यांसारखी रंगद्रव्यं) रक्तात जवळजवळ उतरलीच नाहीत; सहा ग्रॅम तेलाने उतरली, २८ ग्रॅमने आणखी. कारण उघड आहे. ही द्रव्यं पाण्यात विरघळत नाहीत. आतड्यात स्निग्धांश आणि पित्त यांचे सूक्ष्म कण होतात, त्यांच्यात बसूनच ती पलीकडे जातात. तेलच नसेल तर महागडं सॅलड खाऊनही त्यातलं बीटा-कॅरोटीन आलं तसं बाहेर जातं.

आता कोणी याच्या आधारे भज्यांचं समर्थन करू लागेल, तर त्याचंही खंडन करायला हवं. पुन्हापुन्हा तापवलेल्या तेलातलं ई जीवनसत्त्व तर जातंच, शिवाय ध्रुवीय संयुगं साचत जातात. ती २५ टक्क्यांवर गेली की ते तेल वापरू नये, असा आपल्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा नियम आहे. हळदही उष्णतेपुढे अभंग नाही. मैसूरच्या सीएफटीआरआय या अन्नसंशोधन संस्थेत शिजवण्याच्या पद्धतीनुसार हळदीतलं कर्क्युमिन २७ ते ५३ टक्के घटलेलं आढळलं, सर्वात जास्त प्रेशर कुकरमध्ये. चिंच घातल्यावर मात्र ही घट १२ ते ३० टक्क्यांवर आली. वरणात हळद घालून तीन शिट्ट्या काढण्यापेक्षा ती नंतर फोडणीत घालणं म्हणूनच बरं, आणि आमटीत चिंच असेल तर उत्तमच.

म्हणजे टोमॅटो, गाजर, माठ, पालक तेलात परतून शिजवावेत. लिंबू आणि कोथिंबीर मात्र गॅस बंद केल्यावर. कोबीची कोशिंबीर कच्चीच राहू द्यावी, गाजराच्या कोशिंबिरीला चमचाभर तेलाची मोहरी-हिंगाची फोडणी द्यावी. वजनाची धास्ती असलेल्यांसाठी सांगायचं, तर चहाच्या चमचाभर तेलात साधारण ४० कॅलरी असतात, आणि त्या वाचवायच्याच असतील तर चहाबरोबरची दोन बिस्किटं सोडावीत.