लेझर म्हणजे फक्त डीजेची लाईट नव्हे

परवा गावच्या ग्रुपवर एकानं टाकलं, "इथं टँकर वेळेवर येईना अन् औंढ्याला लेझरच्या लायगो प्रकल्पावर 2,600 कोटी! चाटायचंय का त्याला?" खाली अंगठ्यांचा पाऊस. टँकरचं दुखणं खरंच आहे, त्यावर वाद नाही. पण धाराशिवकरांनी तरी हे बोलू नये.

30 सप्टेंबर 1993. गणपती बोळवून माणसं झोपलेली, पहाटे चारच्या सुमारास किल्लारी, सास्तूर आणि आसपासची गावं दगडमातीखाली गेली. त्या पट्ट्यातल्या माणसाला जमिनीची हालचाल मोजणं ही चैन वाटावी?

आता हे लेझर काय करतं ते ऐका. समोरासमोर दोन आरसे, मध्ये उष्णतेनं जवळपास न प्रसरणारी काच, सगळं निर्वात डब्यात. याला कॅव्हिटी म्हणतात. ज्या प्रकाशाच्या लाटा त्या अंतरात नेमक्या बसतात तोच आत टिकतो. लेझर जरा घसरलं की लगेच जागेवर ओढलं जातं. गवंड्याचा ओळंबा म्हणा ना! फक्त हा ओळंबा सेकंदाला सुमारे 193 लाख कोटी वेळा कंप पावणाऱ्या प्रकाशाला लावलेला.

असं लेझर साध्या टेलिफोनच्या फायबरमधून सोडलं आणि जमीन हलली, की फायबर किंचित ताणली जाते, परतलेला प्रकाश बिघडलेला दिसतो. ब्रिटन आणि इटलीतल्या फायबरवर अशा रीतीनं 25 ते 18,500 किलोमीटरवरचे भूकंप टिपले गेले. 2018 साली 'सायन्स'मध्ये छापून आलंय. भूकंपाचं भाकीत यातून होत नाही, कुणी तसं सांगत असेल तर थाप आहे. पण हादरा कुठं, केवढा, हे कळायला दर मैलावर यंत्र पुरावं लागत नाही, एवढं नक्की.

फायबर आपल्या ग्रामपंचायतींपर्यंत आलीच आहे. 2023 ला मंजूर झालेल्या क्वांटम मिशनचे 6,003 कोटी आहेत, त्यातलं अचूक मापनाचं केंद्र मुंबईच्या आयआयटीत आहे. पुण्यात आयुका आहे. मग उमरगा-लोहारा पट्ट्यात एक चाचणी का नाही? भांडायचं तर यावर भांडा. "आम्हाला लेझर नको" म्हणत बसलात तर सगळं पुण्या-मुंबईतच राहणार, आणि आपल्याकडं लेझर दिसणार ते मिरवणुकीत डोळे दिपवणारं.

मी बीएस्सीला असताना आमच्या कॉलेजात लेझर कपाटात कुलूपबंद होतं. रीडिंगं सिनियरच्या जर्नलातून उतरवली आम्ही. मार्क पूर्ण!

जिल्हा नियोजन समितीच्या पुढच्या बैठकीत हा विषय कोण मांडणार? कमेंटमध्ये अंगठा नको, नाव सांगा.