उघड्या ट्रॅक्टरवरील थंडी व मालकाचें कर्तव्य

मार्गशीर्ष-पौषांत निफाडच्या बाजूस द्राक्षांच्या बागांतून पहांटे शेकोट्या पेटलेल्या दिसतात. मण्यांस तडे जाऊं नयेत म्हणून बागाईतदार धूर करतो, अपरात्रीं उठून पाणी देतो आणि पारा किती उतरला इकडे डोळे लावून बसतो. कुंदेवाडी येथील गहूं संशोधन केंद्रांत डिसेंबर २०१८ मध्यें पारा २ अंशांच्याही खालीं गेला होता. तेव्हां ही काळजी अनाठायीं नाहीं. परंतु त्याच बागेंत, त्याच दिवसांत, फवारणीच्या ट्रॅक्टरवर जो माणूस सकाळच्या गारठ्यांत उघड्यावर बसतो, त्याच्या अंगावर काय आहे याची चौकशी क्वचितच होते. वेलीस जी माया आपण दाखवितों ती माणसासही दाखवावी, आणि ती केवळ दयेपोटीं न दाखवितां शेतीच्या खर्चाची एक बाब समजून दाखवावी, एवढेंच आम्हांस येथें सांगावयाचें आहे.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: आमच्या वाडवडिलांनीं याच थंडींत नांगर धरला, त्यांना कोठें हातमोजे लागले? आक्षेप वरवर सयुक्तिक दिसतो. पण नांगरामागून चालणारा व ट्रॅक्टरवर बसणारा यांच्या शरीराची स्थिति अगदीं निराळी आहे. तासाची रुंदी वीतभर, म्हणजे सुमारें २० सेंटिमीटर धरली, तर एक एकर नांगरण्यास बैलांमागून सुमारें २० किलोमीटर चालावें लागतें. त्या चालीनें व रुमण्यावर दाब देण्याच्या श्रमानें शरीर आपोआप तापत असे, आणि थोड्याच वेळांत तो माणूस अंगावरचें पांघरूण काढून बांधावर ठेवी. ट्रॅक्टरनें माणसाचे श्रम वांचविले हें खरें. पण त्या श्रमांबरोबर त्याच्या अंगांतील शेगडीही विझली. तो आतां लोखंडी बैठकीवर, लोखंडी पायटावर व हातांत गार चक्र धरून तासचे तास एका जागीं बसलेला असतो.

त्यांत वाऱ्याची भर पडते. हवा स्तब्ध असली तरी ताशीं २० किलोमीटर वेगानें उंसाच्या दोन ट्रॉल्या ओढीत जाणारा ट्रॅक्टर तेवढा वारा चालकाच्या अंगावर घेतोच. कॅनडा व अमेरिका येथील हवामान खात्यांनीं २००१ पासून जें गणित स्वीकारलें आहे त्याप्रमाणें, उष्णमान ५ अंश व वारा ताशीं २० किलोमीटर असतां उघड्या कातडीस सुमारें १ अंशाइतकी थंडी जाणवते. आमच्याकडील थंडी ती काय, असें म्हणणारांनीं हा हिशेब ध्यानांत घ्यावा. फवारणी करणाराची अवस्था तर याहूनही वाईट. ब्लोअरचा तुषार मागें उडून त्याचे कपडे ओले होतात. ओलें सुती कापड अंगांतील ऊब झपाट्यानें ओढून घेतें, आणि तुषारांतील औषध कातडीस लागतें तें वेगळेंच.

थंडीनें हुडहुडी भरते एवढ्यावरच हें थांबतें, तर आम्ही लेखणी उचलली नसती. शरीर गारठलें म्हणजे पोटांतील व छातींतील ऊब राखण्यासाठीं तें हातापायांच्या कातडीकडील रक्त आंखडून घेतें. बोटें बधिर होतात, पकड सैल पडते, पाय क्लचवर किंवा ब्रेकवर वेळेवर दाबला जात नाहीं. ट्रॉली जोडतांना पिन घालावयाची असते, उतारावर भरली ट्रॉली आवरावयाची असते, हायड्रॉलिकचा दांडा बोटाएवढ्या अंतरावर थांबवावयाचा असतो. हीं सर्व कामें बधिर हातांनीं करणें म्हणजे माणसाचा जीव व मालकाचें यंत्र दोन्ही टांगणीस लावणें होय.

उबेची सोय म्हणजे चैन, ही समजूत आमच्याकडेच आहे असें नाहीं. अमेरिकेंतील मिनियापोलिस-मोलीन कंपनीनें १९३८ सालीं चालकासाठीं बंद खोली व तींत ऊब देणारें साधन असलेला ट्रॅक्टर काढला. पैका फार पडतो व शेतकऱ्यास असलें सुख कशाला, अशा विचारानें गिऱ्हाइकांनीं त्याकडे पाठ फिरविली, आणि तो थोडक्याच संख्येनें निघाला. आज त्याच देशांतील मोठ्या शेतांवर बंद खोलीचा ट्रॅक्टर ही नित्याची गोष्ट झाली आहे. आमच्याकडे मात्र बहुतेक ट्रॅक्टर उघडेच आहेत, व बंद खोलीचा जादा खर्च मध्यम शेतकऱ्यानें करावा असा आमचा आग्रहही नाहीं. त्याहून पुष्कळ स्वस्त उपाय हाताशीं आहेत.

पहिला उपाय पोशाखाचा. एक जाड कपडा घालण्यापेक्षां दोनतीन पातळ कपडे एकावर एक घालावे, कारण त्यांमध्यें अडकलेली हवाच ऊब राखते. त्यांत एक लोकरीचा असावा. लोकर ओली झाली तरी बरीच ऊब धरून ठेवते. सर्वांत वर वारा न शिरणारा रेक्झिनचा किंवा रेनकोटाच्या कापडाचा अंगाबरोबर डगला असावा. कानटोपी, हातमोजे व मोज्यांसह बंद बूट हे हवेतच. दुसरा उपाय यंत्राचा. बैठकीवर व पायटावर गोणपाट घालावा, चालनचक्रास कापडाची पट्टी घट्ट गुंडाळावी. अमेरिकेंत उघड्या ट्रॅक्टरच्या इंजिनाच्या दोन्ही बाजूंस जाड कॅनव्हासचे पडदे बांधून इंजिनाची वायां जाणारी उष्णता चालकाकडे वळविण्याची रीत फार दिवसांची आहे. आमच्याकडील ताडपत्री शिवणारा कारागीर असे पडदे सहज करून देईल. मात्र रेडिएटरचें तोंड झांकूं नये, कापड सायलेन्सरपासून दूर ठेवावें, व उन्हाळा लागतांच पडदे सोडून ठेवावे.

आतां कांहीं गोष्टी टाळण्याच्या. घोंगडी ही आमच्या धनगर बांधवांनीं दिलेली उत्तम वस्तु आहे. परंतु सैल घोंगडी, शाल किंवा मफलर लटकता ठेवून चालत्या ट्रॅक्टरवर बसणें घातक आहे. पीटीओचा दांडा मिनिटास ५४० फेरे घेतो, म्हणजे सेकंदास ९. पदर त्यांत सांपडल्यावर ओरडण्याससुद्धां अवसर मिळत नाहीं. घोंगडी वापरावयाची तर तिची अंगाबरोबर बंडी शिवून घ्यावी, व दांड्यावरील झांकण काढून टाकूं नये. दारूनें ऊब येते हा भ्रम आहे. ती कातडींतील रक्तवाहिन्या सैल करते, क्षणभर गरम वाटतें, आणि शरीराची ऊब उलट बाहेर जाते. बंद गोठ्यांत किंवा शेडमध्यें इंजिन चालू ठेवून शेकत बसूं नये, कोळशाची शेगडी पेटवून बंद खोपटांत निजूं नये. त्यांतून निघणाऱ्या विषारी वायूस वास नसतो व रंगही नसतो. निजलेला माणूस उठत नाहीं. त्यापेक्षां तासा-दोन तासांनीं ट्रॅक्टर थांबवून खालीं उतरावें, हातपाय हालवावे, गरम चहा घ्यावा. रात्रपाळीपूर्वीं बाजरीची भाकरी व तिळगूळ पोटभर खावा.

हें सर्व चालकानेंच आपल्या पदरचें करावें असें कोणी म्हणेल. जो स्वतःच्या शेतांत स्वतःचा ट्रॅक्टर हांकतो त्यास हें लागू आहे. पण जेथें मालक घरांत निजतो व पगारी गडी कारखान्याच्या वजनकाट्यापुढें रात्रभर रांगेंत उभा असतो, तेथें डगला, हातमोजे व कानटोपी देणें मालकाचें काम आहे. इंजिनांत तेल घालण्यास आपण गड्याच्या पगाराकडे पाहत नाहीं. तसेंच हें आहे. आमच्या अंदाजानें हा सारा संच ट्रॅक्टरची टाकी एकदां डिझेलनें भरण्यास लागणाऱ्या पैशांत येतो, आणि जपून वापरल्यास दोनतीन हंगाम टिकतो.

गळिताचा हंगाम व द्राक्षांची फवारणी हीं दोन्ही कामें ऐन थंडींतच येतात. यासाठीं आमची सभासदांस विनंती आहे कीं, दिवाळींत बैलांच्या वेसण-कासऱ्यांप्रमाणें व ट्रॅक्टरच्या तेला-गाळणीप्रमाणें चालकाचा हिंवाळी पोशाखही खरेदीच्या यादींत लिहावा. ज्या गांवीं सोसायटी आहे तेथें तो एकत्र घेतल्यास आणखी स्वस्त पडेल. वेलीसाठीं शेकोटी पेटविणाऱ्या हातांस हें जड जाऊं नये.