भोंगा वाजेल, पण लावला तर!

आपल्या वस्त्यांतूनही आता चारचाकी दिसू लागली आहे. कुणी भाड्याने चालविण्यासाठी घेतली, कुणी वृद्ध आईवडिलांच्या सोयीसाठी. बहुतेकांनी कर्ज काढूनच घेतली. पुण्यात पेठा काय नि उपनगरे काय, जागेअभावी कित्येक गाड्या रात्रभर रस्त्यावरच उभ्या असतात. गाडी चोरीला गेली तरी कर्जाचा हप्ता काही थांबत नाही. म्हणून हा विषय आम्ही आज घेतला आहे.

बऱ्याच नव्या गाड्यांत कारखान्यातूनच दोन पहारेकरी येतात. पहिला इमोबिलायझर. चावीच्या मुठीत एक चिप असते. तिची खूण पटल्याशिवाय इंजिन सुरू होत नाही. हा आपोआप काम करतो. दुसरा अलार्म. तो मात्र आपण लावावा लागतो, आणि घोडे इथेच अडते.

काचा वर करा. सर्व दारे, डिकी आणि बॉनेट घट्ट बंद करा. मग बाहेरून रिमोटचे बटण दाबा. आतली खिटी दाबून दार लावले, तर पुष्कळ गाड्यांत कुलूप लागते पण अलार्म लागत नाही. इंडिकेटर लुकलुकले की काम झाले. ते लुकलुकले नाहीत, तर एखादे दार उघडे राहिले असे समजावे.

एकदा दिवसाउजेडी, शेजाऱ्यांना सांगून, परीक्षा घ्या. काच खाली ठेवून अलार्म लावा, अर्धा मिनिट थांबा आणि आत हात घालून दार उघडा. भोंगा वाजला पाहिजे. रिमोटने तो बंद होतो. न वाजल्यास गाडीसोबतचे पुस्तक पाहा किंवा सर्व्हिस सेंटर गाठा.

आता थोडा हिशेब. चोरीचा दावा करताना विमा कंपनी सहसा गाडीच्या सर्व चाव्या मागते. म्हणून दुसरी चावी घरात जपून ठेवावी, गाडीत कधीही नाही. जुनी गाडी घेताना दोन्ही चाव्या मागून घ्याव्यात. एक हरवली असेल, तर तिची नोंद गाडीतून पुसून घ्यावी. 2002 च्या मोटार विमा दरपत्रकात, आपल्या पुण्याच्याच ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशनने मान्य केलेल्या चोरीरोधक यंत्रासाठी अडीच टक्के, कमाल 500 रुपये सूट होती. आज अशी सूट मिळते का, ते पॉलिसी घेताना विचारावे.

घरातील जो जो गाडी चालवतो, त्या प्रत्येकाला हे शिकवा. भगिनींनाही आणि तरुण मुलांनाही. घामाच्या पैशाची राखण एका बटणावर आहे. ते दाबायला विसरू नये, एवढेच आमचे सांगणे.