मधाची गोळी
‘लीजेंड ऑफ झेल्डा’ मालिकेच्या आधीच्या खेळांत गवत कापलं की आयुष्याचे लाल बदाम आयते मिळायचे. निन्टेन्डोच्या २०१७ सालच्या ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’ने ही सोय काढून टाकली, आणि मला तो त्या खेळातला फार धाडसी निर्णय वाटतो. आता खेळाचा नायक लिंक, त्याला बरं व्हायचं तर खायला हवं, आणि चांगलं खायचं तर रांधायला हवं. त्यात मधाची गोळी माझी विशेष लाडकी. झाडावरचं मोहोळ बाणाने पाडायचं, चवताळलेल्या माश्या चुकवायच्या (हेच मोहोळ बोकोब्लिन राक्षसांच्या तळावर पडलं, तर ते जीव घेऊन पळतात, तेही बघण्यासारखं), मग पेटत्या जाळावरच्या हंड्यात नुसता मध टाकायचा. कच्च्या मधाने जितके बदाम भरतात, त्याच्या दुप्पट शिजवल्यावर भरतात; शिवाय दमही परत येतो. खरी किंमत या दमाची. उंच कडा अर्धा चढून झालाय, दमाचं हिरवं वर्तुळ संपत आलंय, पकड सुटायच्या बेतात आहे. अशा वेळी खेळ क्षणभर थांबवायचा, पोतडीतली गोळी तोंडात टाकायची आणि पुन्हा वर सरकायचं. मात्र मधासोबत थंडी सोसायची ताकद देणारी मिरची शिजवलीत, तर दोन्ही गुण एकमेकांना मारतात आणि हाती बदाम तेवढे उरतात. म्हणून मी मधात दुसरं काहीच घालत नाही.