पाहुण्याचा व्हिसा आणि कामाचा परवाना

मुंबई-नागपूर लोहमार्गावरील बडनेरा हे जंक्शन म्हणजे वऱ्हाडातील माणसाचे बाहेरच्या जगाकडे उघडणारे दार होय. वऱ्हाडचा कापूस याच वाटेने मुंबईच्या बंदराकडे गेला, अमरावतीचे विद्यार्थी याच फलाटावरून पुण्यामुंबईस गेले. १६ एप्रिल २०२५ रोजी बेलोऱ्याच्या विमानतळावरून मुंबईचे विमान सुरू झाले आणि ते दार आणखी रुंद झाले. परदेशी जाऊन विद्या संपादून आलेल्या डॉ. पंजाबराव देशमुखांच्या या जिल्ह्यात समुद्र ओलांडण्यास कोणी विरोध करील, असे आम्हांस वाटत नाही. आमचा तर मुळीच नाही. पण ज्या कागदाच्या भरवशावर आमच्या तरुणांस बाहेर काढले जाते, त्या कागदाविषयी चार स्पष्ट शब्द लिहिणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

तो कागद म्हणजे पाहुण्याचा व्हिसा. ‘आता पाहुणा म्हणून चला, कामाचा परवाना तिकडे गेल्यावर करून देऊ,’ हे दलालाचे ठरलेले वाक्य. हे वाक्य धादांत खोटे असते तर त्याचा प्रतिवाद सोपा होता. ते अर्धे खरे आहे, आणि म्हणूनच ते घातक आहे.

पाहुण्याचा व्हिसा आणि कामाचा परवाना यांत फरक केवळ मुदतीचा किंवा फीचा नव्हे, जातीचा आहे. पाहुण्यास त्या देशाने घरात घेतलेले असते ते पाहण्यासाठी, भेटण्यासाठी, फार तर व्यवहाराची बोलणी करण्यासाठी. पाहुण्याने पंक्तीला बसावे. कोठीच्या किल्ल्या त्याने मागू नयेत. कामाचा परवाना मात्र बहुधा एका विशिष्ट मालकाच्या नावाने, विशिष्ट कामासाठी निघतो, आणि तो मागण्याचा आरंभ कामगाराकडून नव्हे, मालकाकडून व्हावा लागतो. मालकच नाही तर परवाना कशाचा? हा एक प्रश्न दलालास विचारला तरी निम्मे ढोंग उघडे पडेल.

दुबईचेच उदाहरण घ्या, कारण दलालाच्या तोंडी पहिले नाव तेच असते. संयुक्त अरब अमिरातीत पाहुण्याच्या व्हिसावर काम करणे हा अपराध आहे. तेथे उतरलेल्या पाहुण्यास एखाद्या मालकाने रीतसर परवाना काढून दिला, तर त्याची स्थिती देशाबाहेर न जाता बदलून घेता येते, हे खरे. दलाल एवढेच सांगतो. परवाना हाती येईपर्यंत काम करता येत नाही, मालकाने हात वर केले की व्हिसाची मुदत संपताच राहण्याचा हक्कही संपतो, आणि त्यापुढच्या प्रत्येक दिवसाचा दंड चढू लागतो, हे तो सांगत नाही. २०२४ च्या ऑगस्टमध्ये अमिरातीच्या सरकारने विनापरवाना माणूस कामास ठेवणाऱ्या मालकाचा दंड एक लाखापासून दहा लाख दिरहमपर्यंत वाढविला. त्या सरकारने हा भार मालकावर टाकला, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. तिच्याकडे आम्ही पुन्हा येणार आहोत.

कॅनडाची कथा अधिक बोधप्रद आहे. करोनाच्या साथीत सीमा बंद झाल्या, पाहुणे तेथेच अडकले, आणि उद्योगांस माणसे मिळेनात. तेव्हा ऑगस्ट २०२० मध्ये त्या सरकारने तात्पुरती सवलत दिली की, देशात असलेल्या पाहुण्यास नोकरीचा पक्का देकार असेल तर त्याने देश न सोडता कामाच्या परवान्यासाठी अर्ज करावा. सवलत तात्पुरती होती. पण बाजारात तिचा बोभाटा असा झाला की, पाहुणा म्हणून कॅनडात उतरणे म्हणजे नोकरीच्या रांगेत उभे राहणे होय. ती फेब्रुवारी २०२५ पर्यंत चालावयाची होती. २८ ऑगस्ट २०२४ रोजी मुदतीपूर्वीच ती बंद करण्यात आली. ज्यांनी शेत गहाण ठेवून त्या सवलतीच्या भरवशावर तिकीट काढले असेल, त्यांनी कोणाकडे दाद मागावी? कॅनडाकडे मागता येणार नाही, कारण आपल्या घराचे दार कधी उघडावे आणि कधी लावावे हा त्या त्या देशाचा अधिकार आहे. परक्याच्या सवलतीवर संसाराची उभारणी करू नये, एवढेच यातून दिसते.

अमेरिकेत तर ही रेषा अधिकच काटेकोर आहे. नोकरी गेलेल्या परदेशी तंत्रज्ञाने पाहुण्याच्या दर्जावर राहून मुलाखती द्याव्यात, पण दर्जा बदलल्यावाचून कामावर रुजू होऊ नये, असा खुलासा तेथील खात्याने मार्च २०२३ मध्ये केला होता. मुलाखतीस मुभा, नोकरीस मनाई! आमच्याकडील कित्येक आजीआजोबा मुलाच्या घरी सहा-सहा महिने राहून येतात. आजीने नातवास सांभाळले तर त्यास कोणी काम म्हणत नाही, पण शेजारणीचे मूल पैसे घेऊन सांभाळले की ती नोकरी ठरते. हसू येण्यासारखी ही बाब आहे, परंतु कायदा नेमका तेथेच आपली रेघ ओढतो.

यापुढची गोष्ट मात्र हसण्यासारखी नाही. सप्टेंबर २०२२ मध्येच भारताच्या परराष्ट्र मंत्रालयाने जाहीर इशारा दिला होता की, थायलंडमध्ये ‘डिजिटल विक्री अधिकारी’ वगैरे भपकेदार नावांच्या नोकऱ्यांचे आमिष दाखवून संगणक-शिक्षित तरुणांस म्यानमारमध्ये नेले जात आहे. पाहुण्याच्या व्हिसावर नोकरीसाठी जाऊ नये. नोव्हेंबर २०२३ मध्ये थायलंडने भारतीय प्रवाशांस व्हिसावाचून प्रवेश खुला केला. प्रवाशांची सोय झाली, आणि त्याबरोबर दलालांचीही. मार्च २०२५ मध्ये भारतीय वायुदलाच्या विमानांनी ५४९ भारतीयांस थायलंडच्या सरहद्दीवरून परत आणावे लागले, आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात पुन्हा तशीच विमाने धाडावी लागली. एप्रिल २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या सायबर पोलिसांनी साठांहून अधिक जणांची म्यानमारमधून सुटका केली. बँकॉकला पाहुणा म्हणून उतरलेला पदवीधर जंगलातील कुंपणाआड बसवून त्याच्याकडून परक्या लोकांची फसवणूक करवून घेतली जात होती. रशियात नेलेल्या तरुणांची गत याहून भयंकर झाली; पाहुण्याच्या वा विद्यार्थ्याच्या व्हिसावर गेलेले ते तरुण युद्धाच्या आघाडीवर पोहोचले, काही परत आलेच नाहीत, आणि मार्च २०२४ मध्ये केंद्रीय अन्वेषण विभागास दलालांविरुद्ध गुन्हा नोंदवावा लागला.

आता आपल्या घराकडे वळू. परदेशी कामास जाणाऱ्यांच्या रक्षणासाठी आपल्याकडे कायदा नाही काय? आहे, आणि तो १९८३ चा आहे. त्यातील ‘उत्प्रवासी-संरक्षक’ हे पद तर त्याहून फार जुने, गिरमिटाच्या काळातले. मॉरिशसला ऊस तोडण्यास गेलेल्या मराठी मजुरांस करारावर अंगठा उठवून बोटीत बसवीत, त्या काळी हा अधिकारी बंदरावर उभा असे. त्याने मजुरांचे कितपत रक्षण केले, हे इतिहासास ठाऊक आहे. १९१७ मध्ये ती पद्धत बंद पडली. आम्ही तिचे गोडवे गात नाही. परंतु एक विलक्षण गोष्ट नजरेआड करता येत नाही की, त्या अभागी मजुराच्या करारावर निदान कामाची वर्षे आणि मजुरी तरी लिहिलेली असे. आज पाहुण्याच्या व्हिसावर निघालेल्या पदवीधराच्या कागदावर काम हा शब्दच नसतो!

१९८३ च्या कायद्याखालील व्यवस्था थोडक्यात अशी आहे. आखाती देशांसह अठरा देशांत नोकरीस जाणाऱ्या, दहावी उत्तीर्ण नसलेल्या माणसास निघण्यापूर्वी संरक्षकाची मंजुरी घ्यावी लागते. मंजुरी देताना करार पाहिला जातो, मालक पाहिला जातो, दलाल नोंदलेला आहे की नाही हे पाहिले जाते. माणूस दहावी झालेला असेल तर त्यास या मंजुरीची गरज नाही; आणि दहावी न झालेलाही नोकरीस न जाता ‘पाहुणा’ म्हणून निघाला, तर त्यासही नाही. व्यवस्थेस पडलेली ही दोन भगदाडे आहेत. पाहुण्याचा व्हिसा दलालास इतका प्रिय का, याचे उत्तर दुसऱ्या भगदाडात आहे. तो स्वस्त आणि लवकर मिळतो हे तर खरेच, पण त्यावर निघालेला माणूस सरकारच्या वहीत कामगार म्हणून कधी उमटतच नाही. ज्याची नोंद नाही त्याचा करार कोण तपासणार?

पहिल्या भगदाडाविषयी आमचे मत अधिक कठोर आहे. दहावी झालेला माणूस आपले हित जाणतो, हे गृहीत ज्या काळी धरले गेले त्या काळी ते कदाचित योग्य असेल. म्यानमारच्या कुंपणातून सोडविलेले तरुण निरक्षर नव्हते. त्यांना इंग्रजी येत होते म्हणूनच त्यांस नेले होते. बडनेऱ्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून बाहेर पडणारा पदवीधर या कायद्याच्या दृष्टीने संरक्षणाच्या पलीकडचा आहे, आणि दलालाच्या दृष्टीने तोच आजचे सर्वोत्तम गिऱ्हाईक आहे. सरकारास हे कळले नव्हते असेही नाही. नोव्हेंबर २०१८ मध्ये अशा सुशिक्षितांनीही या अठरा देशांत नोकरीस जाण्यापूर्वी नोंदणी केलीच पाहिजे, असा आदेश निघाला. गलका झाला, आणि पंधरवड्याच्या आतच आदेश स्थगित होऊन नोंदणी ऐच्छिक राहिली. ऐच्छिक नोंदणी कोण करतो? जो आधीच सावध आहे तो.

शिक्षेचे तर विचारूच नये. नोंदणीवाचून माणसे परदेशी पाठविणाऱ्या दलालास १९८३ च्या कायद्याने दोन वर्षांपर्यंत कैद आणि दोन हजार रुपयांपर्यंत दंड सांगितला. दोन हजार! नोंदलेल्या दलालास उमेदवाराकडून सेवाशुल्क म्हणून तीस हजार रुपये आणि त्यावरील कर एवढेच घेण्याची मुभा आहे. बिननोंदणीचा दलाल लाखांच्या भाषेत बोलतो. तिकडे अमिराती मालकावर दहा लाख दिरहमांचा बडगा उगारते, आणि इकडे ज्याने माणूस विकला त्याचा दंड बॅगेच्या किमतीएवढाही भरत नाही. दलालाने भीती कोणाची बाळगावी?

ऑक्टोबर २०२५ मध्ये परराष्ट्र मंत्रालयाने या कायद्याच्या जागी नवा कायदा आणण्याचा मसुदा लोकांच्या सूचनांसाठी प्रसिद्ध केला. नाव बदलले, कलमे वाढली, म्हणून भगदाडे बुजली असे होत नाही. नोकरीचे आमिष दाखवून पाहुण्याच्या व्हिसावर माणूस पाठविणे हा स्वतंत्र आणि जबर दंडाचा गुन्हा ठरला पाहिजे, आणि त्यात पाठविलेल्या माणसास आरोपी नव्हे, फिर्यादी मानले पाहिजे, अशी आमची मागणी आहे. परतलेला तरुण लाजेने आणि कर्जाने तोंड लपवितो. त्याने तोंड उघडल्यास आपणच गुन्हेगार ठरू, ही भीती त्याच्या मनातून गेल्यावाचून एकही दलाल सापडणार नाही.

यावर कोणी म्हणेल, परदेशी जाणे हा नागरिकाचा मूलभूत हक्क आहे. सरकारने पदोपदी शिक्के कशाला मारावेत? आक्षेप रास्त आहे. मेनका गांधी यांच्या १९७८ च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो हक्क निःसंदिग्ध शब्दांत मान्य केला आहे, आणि त्यावर पाणी सोडावे असे आम्ही कदापि म्हणणार नाही. विमानतळावर तरुणास अडवून त्याची उलटतपासणी घेणे हा उपायच नव्हे. तोवर शेत गहाण पडलेले असते. उपाय शेत गहाण पडण्यापूर्वी व्हावयास हवा, आणि तो अमरावतीत व्हावयास हवा.

संरक्षकाचे कार्यालय मुंबईस. पासपोर्टाचे प्रादेशिक कार्यालय नागपुरास. अमरावती विभागाच्या पाच जिल्ह्यांतील बापाने आपल्या मुलास आलेला नोकरीचा कागद खरा की खोटा, हे कोणास विचारावे? आज तो शेजारच्यास विचारतो, किंवा दलालासच विचारतो. वास्तविक नोंदलेल्या दलालांची यादी आणि बेकायदा दलालांचीही यादी सरकारच्या ‘ई-मायग्रेट’ या संकेतस्थळावर आहे. ती यादी उघडून पाहणे हे पाच मिनिटांचे काम. पण पाच मिनिटांचे हे काम करून देणारा जबाबदार माणूस तालुक्याच्या गावी नाही. जिल्ह्याजिल्ह्यांत रोजगार मार्गदर्शनाची सरकारी केंद्रे आहेत. त्यांतील एका कर्मचाऱ्यास हे शिकवून आठवड्यातून दोन दिवस एवढ्यासाठीच बसविण्यास कोणत्या मंत्रिमंडळाचा ठराव लागतो? विभागीय आयुक्तांनी मनात आणले तर हे महिन्याभरात होण्यासारखे आहे.

सरळ वाटा नाहीत असेही नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीतील बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल कामगार पाठविण्याचा करार केला. त्याच वर्षाच्या जूनपासून जर्मनीने पात्र परदेशीयांस नोकरी शोधण्यासाठी येण्याची, आणि शोधताना आठवड्यास वीस तासांपर्यंत काम करण्याची वाट खुली केली. परंतु त्या वाटेवर पात्रतेचे गुण मोजले जातात, भाषा शिकावी लागते, निर्वाहाची तजवीज दाखवावी लागते. सरळ वाट लांबच असते. सरकारी कराराचे मोल मात्र छायाचित्रांवरून नव्हे, आमच्या जिल्ह्यांतून प्रत्यक्ष किती जण तिकडे कामास लागले यावरून ठरेल, आणि तो आकडा सरकारने वर्षावर्षास जिल्हावार जाहीर करावा.

तरुणांस दोष देणे सोपे आहे. अचलपूरची फिनले गिरणी २०२० च्या टाळेबंदीत थांबली आणि कामगार घरी बसले. कापसाचा भाव पेरणीच्या वेळी एक आणि वेचणीच्या वेळी दुसरा. अशा मुलखातील मुलगा दुबईच्या पगाराचा आकडा ऐकून मोहरतो, यात लोभापेक्षा नाइलाज अधिक आहे. त्यास आमचे एवढेच सांगणे की, पैसे देण्यापूर्वी मालकाचे नाव, कामाचा करार आणि दलालाचा नोंदणी क्रमांक हे तीन कागद मागून घ्यावेत, आणि यांपैकी एकही ‘तिकडे गेल्यावर’ मिळणार असेल तर तिकीट काढू नये. आयुक्तांस आमचे सांगणे असे की, वेचणी संपून कापसाचा पैसा शेतकऱ्याच्या हाती येण्याचे दिवस उजाडण्यापूर्वी तो कक्ष उघडावा, आणि त्याची पाटी बडनेऱ्याच्या स्थानकाबाहेरही लावावी.