मेजर सरांचा सीव्ही

अप्रेझलचा सीझन आला की ऑफिसात सगळ्यांचे चेहरे दहावीच्या रिझल्टच्या आदल्या दिवसासारखे होतात. हाइक किती? पोस्ट वाढली का? नाही? मग टाका सीव्ही दुसरीकडे! पुढची नोकरी मागच्यापेक्षा मोठीच हवी, हे आपण गृहीतच धरलेलं. अशा वेळी मला एक सीव्ही हटकून आठवतो. एचआरवाल्यांनी डोकं खाजवलं असतं, असा.

नाव मेजर जेफ्री लँगलँड्स. जन्म १९१७, इंग्लंडमधलं हल शहर. वडील १९१८ च्या फ्लूच्या साथीत गेले, काही वर्षांनी आईही गेली. पोरका मुलगा शिकला आणि शाळेत गणित शिकवायला लागला. तोवर १९३९ उजाडलं. मास्तर साधे शिपाई म्हणून भरती झाले, कमांडो बनले, १९४२ च्या दिएपच्या हल्ल्यात लढले. १९४४ मध्ये हिंदुस्थानातल्या सैन्यात आले आणि फाळणीनंतर पाकिस्तानी सैन्यात प्रशिक्षक झाले. ते काम संपलं, तेव्हा लष्करप्रमुख अयुब खान यांनी त्यांना इथेच राहून शिकवायचं सुचवलं.

मग लाहोरचं एचिसन कॉलेज. बड्या घरांतल्या मुलांची शाळा, मोठं नाव, मोठा मान. तिथे पंचवीस वर्षं. शाळेतल्या पोरांमध्ये एक इम्रान खानही होता!

आता सांगा, इथे तुम्ही-आम्ही काय केलं असतं? साठी ओलांडलेली, सगळं सेट. फंड घेऊन सरळ गावी! मेजर सर मात्र १९७९ मध्ये निघाले उत्तर वझिरिस्तानातल्या रझमकला, कॅडेट कॉलेजचे प्रिन्सिपॉल म्हणून. १९८८ मध्ये तिथे त्यांचं चक्क अपहरण झालं. सहा दिवसांनी सुटका. झालं ना बस? छे! १९८९ मध्ये, सत्तरी ओलांडल्यावर, ते हिंदुकुशच्या डोंगरातल्या चित्रालला गेले. फी कमी, पगार बेताचा, पण मुलं आणि मुली दोघांनाही शिकवणारी शाळा. नव्वदी पार होईपर्यंत त्यांनी ती चालवली. शाळेला पुढे त्यांचंच नाव मिळालं.

म्हणजे बघा, लाहोर ते रझमक, रझमक ते चित्राल. आपल्या हिशोबाने प्रत्येक बदली खालच्या पायरीवर. पण जिथे मास्तर जायला सहसा तयार होत नाहीत, तिथे ते जात राहिले.

फुकटात काही मिळत नाही, हेही खरंच. लग्न नाही, मुलं नाहीत, स्वतःचं घर नाही. आणि सगळं सोपवून बाजूला होणं त्यांनाही जड गेलं. २०१५ मध्ये नव्या मुख्याध्यापिकेशी झालेला वाद बातम्यांपर्यंत पोचला. आयुष्यभर एकच काम जीव लावून केलं, की खुर्ची नाही पण काम सुटत नाही.

२ जानेवारी २०१९ रोजी लाहोरमध्ये सर गेले. वय १०१. अप्रेझलच्या फॉर्मवर ‘पाच वर्षांनी स्वतःला कुठे बघता?’ असा रकाना असतो ना? परवा तो भरताना मी पहिल्यांदाच जरा थांबलो. पोस्टचं नाव लिहायला गेलो होतो. मग वाटलं, आपण तिथे असलो-नसलो याने कुणाला फरक पडेल, ते आधी शोधावं.

रकाना अजून कोराच आहे, बॉस!